दुपारच्या सुट्टीत वय उतरत नाही

हल्ली आमच्या व्यवसायात एक युक्तिवाद फार तोऱ्यात मिरवतो. लेझरची भीती जुन्या यंत्रांच्या काळातली, आताच्या फ्रॅक्शनल यंत्रांनी ती संपवली. दुपारच्या सुट्टीत यायचं, चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरवायची आणि संध्याकाळी परत कामाला लागायचं. एवढं सोपं असूनही जे डॉक्टर अटी घालत बसतात ते एक तर मागासलेले, नाही तर त्यांच्याकडे यंत्र घ्यायला पैसे नाहीत. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. यंत्र माझ्याकडे आहे, त्याचे हप्तेही फिटलेत आणि मी ते वापरते. तेव्हा निदान दुसरा आरोप माझ्यावर करता येणार नाही. पहिल्याचं उत्तर देते.

सुरकुत्यांसाठी जो लेझर वापरतात तो जखम करतो. अपघाताने नव्हे, ठरवून. जखम झाली की शरीर ती भरून काढतं आणि भरताना नवं कोलॅजन विणतं. उपचाराचा फायदा होतो तो या विणकामामुळे. जखम जितकी खोल तितका परिणाम जास्त आणि तितकाच धोकाही जास्त. गेल्या तीस वर्षांत यंत्रं कितीही बदलली तरी हा हिशेब बदललेला नाही. त्यामुळे ‘काहीही त्रास नाही आणि परिणाम जबरदस्त’ असं कोणी म्हणालं की दोनपैकी एक गोष्ट नक्की खोटी असते. बहुतेक वेळा दुसरी, कधीकधी दोन्ही.

या यंत्राचा आणि आपल्या मुलखाचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला कुमार पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. हे गृहस्थ जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. त्यांचा किरण पोलाद कापायच्या कारखान्यांत गेला तसा शस्त्रक्रियागृहातही आला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि ती पाण्यात चटकन शोषली जाते. त्वचेत पाणीच जास्त. त्यामुळे किरण पडला की पेशीतलं पाणी उकळतं, पेशी वाफ होऊन उडते आणि आजूबाजूला थोडी उष्णता मुरते. अर्बियम याग नावाचा दुसरा लेझर २,९४० नॅनोमीटरचा. पाणी त्याला याहूनही अधीरपणे शोषतं, म्हणून तो वरचा थर अधिक नेमका खरवडतो आणि उष्णता कमी मागे ठेवतो. कोणता किरण काय शोधतो आणि किती वेळ दिला तर शेजाऱ्याला न भाजता तेवढंच भाजतो, याचा सिद्धान्त रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यानंतर त्वचेच्या लेझरला शास्त्राचा पाया मिळाला.

१९९०च्या दशकात अमेरिकेत सबंध चेहरा सोलून काढायची लाट आली. परिणाम खरोखर थक्क करणारे होते, हे कबूल करायला हवं. ओठांवरच्या उभ्या रेघा, डोळ्यांखालचं चुरगळलेलं कातडं, उन्हाने जाड आणि पिवळट झालेले गाल, सगळं नव्यासारखं व्हायचं. त्याची किंमत अशी की आठवडा-दीड आठवडा चेहरा उघडी जखम म्हणून सांभाळायचा आणि लाली पुढे काही महिने वागवायची. काहींना तर सगळं छान झालं असं वाटल्यावर, सहा महिने-वर्षाने, गालांचा रंगच उडायचा आणि जबड्याच्या रेषेवर गोऱ्या चेहऱ्याची आणि मूळ मानेची सीमारेषा उमटायची. हा उडालेला रंग सहसा परत येत नाही.

म्हणून २००४ मध्ये बोस्टनच्या डिटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. सगळा चेहरा एकदम सोलायचा नाही; केसाइतक्या बारीक अशा हजारो खांबांत जखम करायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. शाबूत पेशी बाजूने सरकून खड्डे भरतात, त्यामुळे बरं व्हायला दिवस कमी लागतात. कल्पना फार हुशारीची आहे. पण तिचा अर्थ विक्रेत्यांनी काय लावला? जखमच राहिली नाही! जखम आहे. ती विखुरलेली आहे, म्हणून लवकर भरते आणि म्हणूनच परिणामही सौम्य मिळतो. एका सिटिंगमध्ये चेहऱ्याचा काही हिस्साच हाताळला गेला, तर उरलेल्यासाठी पुन्हा यावं लागणार. तीन-चार सिटिंग, मध्ये महिना-दीड महिना. जुन्या पद्धतीचा परिणाम आणि नव्या पद्धतीची विश्रांती, अशी जोडी बाजारात मिळत नाही.

आता त्या सुट्टीत प्रत्यक्ष काय होतं ते बघू. चेहरा धुऊन सुन्न करणारं मलम जाड थापतात आणि पाऊण-एक तास बसवून ठेवतात. नुसती ही वाट बघण्यातच सुट्टी संपते. पापण्यांजवळ काम असेल तर डोळ्यांत थेंब टाकून धातूच्या वाट्या बसवतात. मग किरण सुरू. प्रत्येक ठशागणिक टक्-टक् आवाज, गरम सुईची टोचणी, आणि केस जळाल्यासारखा वास. शेजारी एक जण धूर ओढणारी नळी धरून उभा असतो. संपल्यावर दोन तास चेहरा असा तापतो की पंखा समोर लागतो. खोल फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड असेल तर पहिले एक-दोन दिवस पाणी झिरपतं, डोळे सुजून बारीक होतात आणि मलमाचा थर अखंड ठेवावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटते. आरशाजवळ जाऊन पाहिलं तर यंत्राचा चौकोन न् चौकोन मोजता येतो. हात फिरवला तर वाळूचा कागद. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ही जाळी भुकटीसारखी गळते, उशीच्या अभ्र्यावर सापडते. खाली गुलाबी त्वचा, तीही पुढे काही आठवडे लालसर. ज्यांच्या ओठाच्या कडेला वरचेवर ताप उततो त्यांना आधीपासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्या लागतात, नाही तर हर्पिस सबंध सोललेल्या चेहऱ्यावर पसरू शकतो आणि व्रण सोडून जातो.

यातलं काही भयंकर नाही. आधी सांगितलेलं असलं की लोक हे सगळं शांतपणे पार पाडतात. तारांबळ उडते ती न सांगितल्यामुळे. मुलाचं लग्न दहा दिवसांवर असताना वरमाईला खुर्चीत बसवणारे महाभाग मी पाहिलेत. सौम्य, वरचा थर न फोडणारे लेझरही आहेत, १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचे. त्यांत दोन-चार दिवस सूज आणि लाली एवढ्यावर भागतं. सुट्टीची जाहिरात त्यांच्या त्रासाची असते आणि सोबत छापलेला फोटो मात्र खोल लेझरच्या परिणामाचा.

फोटोंचाही एक खुलासा करून टाकते. लेझरनंतरच्या आठवड्यांत त्वचेत सूज असते. सूज म्हणजे पाणी, आणि पाण्याने बारीक सुरकुती फुगून गायब होते. ‘आधी आणि नंतर’मधला ‘नंतर’ चौथ्या आठवड्यातला असेल तर तुम्ही सूज बघताय. कोलॅजनची घडण तीन ते सहा महिने चालते. खरा हिशेब तेव्हा. शिवाय आधीचा फोटो वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली, नंतरचा खिडकीसमोर आणि हसतमुख. कोणत्याही शाळकरी मुलाला हा फरक कळेल, पण सोळा हजारांच्या पॅकेजसमोर बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला कळत नाही.

युक्तिवादाचं सर्वांत धोक्याचं कलम आता घेते. ‘हा लेझर पाणी शोधतो, रंग शोधत नाही, म्हणून सावळ्या त्वचेलाही तो पूर्ण सुरक्षित.’ पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आणि निष्कर्ष चूक. आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात याचा पुरावा मिळतो. फोडणीचं तेल हातावर उडतं. तेल काही रंग शोधत येत नाही. तरी फोड जातो आणि काळा डाग महिनोन् महिने राहतो. सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी कोणत्याही दाहाला रंग ओतून उत्तर देतात; तो दाह तेलाचा, पुटकुळीचा, वॅक्सचा की लाखांच्या यंत्राचा, हे त्यांना विचारायचं नसतं. भारतीय चेहऱ्यावर लेझरनंतर सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार हीच, काळवंडणं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत-महिन्यांत उतरतं, काहींचं वर्षभर रेंगाळतं. ज्या बाई सुरकुत्या घालवायला आल्या त्या काळा चेहरा घेऊन जातात आणि त्यांना सांगितलं जातं की ‘तुम्ही उन्हात गेला असाल’. कधी ते खरंही असतं. पण आपल्या देशात ऊन असतं ही बातमी यंत्र लावायच्या आधीही उपलब्ध होती.

आम्ही त्वचेचे सहा प्रकार मानतो, फिट्झपॅट्रिक यांच्या नावाचे. ती प्रतवारी त्यांनी १९७५ मध्ये केली, सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांची किती मात्रा द्यावी हे ठरवायला, आणि तीही मुळात गोऱ्या कातडीपुरती. आपल्यासारख्या तपकिरी आणि गडद लोकांसाठी पाचवा-सहावा वर्ग नंतर जोडला गेला. सुरकुत्यांच्या लेझरचीही कहाणी थोडीफार अशीच आहे. हे तंत्र उन्हाने रापलेल्या गोऱ्या चेहऱ्यासाठी घडलं, यशाचे बहुतेक फोटो त्याच चेहऱ्यांचे. ते सावळ्या त्वचेवर वापरता येतं, मीही वापरते. पण ऊर्जा बेताची ठेवून, ठिपके विरळ ठेवून, दोन सिटिंगमध्ये जास्त अंतर सोडून. म्हणजे परिणामही बेताचा. ही तडजोड सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट पॅकेजमध्ये नसतं.

आणि मुळात आपला चेहरा म्हातारा होतो कसा? गोऱ्या त्वचेवर आधी सुरकुत्या येतात. गडद त्वचेला मेलॅनिनचं छत्र असतं, त्यामुळे सुरकुत्या सहसा उशिरा येतात. आधी रंग बिघडतो. कपाळाच्या कडा काळसर, गालांवर वांग, डोळ्यांभोवती सावली, गालाच्या हाडावर काळ्या मिरीएवढे मस. ‘वय दिसायला लागलं’ म्हणून समोर येणाऱ्या पन्नाशीच्या बाईला नीट विचारलं की कळतं, तिला खटकतो तो हा विषम रंग. त्यासाठी खोल भाजणारा लेझर हे चुकीचं हत्यार आहे. वांग तर उष्णतेने चिडतो. लेझरनंतर महिनाभर उजळलेला वांग दुप्पट गडद होऊन परतणं हे आमच्या ओपीडीतलं नेहमीचं दृश्य.

जे लेझरने होणारच नाही त्याचीही यादी कोणी देत नाही. गाल खाली उतरले, हनुवटीखाली पिशवी आली, तर ते हाड, चरबी आणि स्नायुबंध यांचं काम. त्वचेचा वरचा मिलिमीटर भाजून ते वर चढत नाहीत. भुवया उंचावताना पडणाऱ्या आठ्या स्नायूंच्या आहेत. मानेचा प्रश्न याहून वेगळा. भाजलेली त्वचा भरून येते ती केसांच्या मुळांतून आणि तैलग्रंथींतून. चेहऱ्यावर त्या दाटीवाटीने असतात, मानेवर आणि छातीवर तुरळक. म्हणून चेहऱ्याला मानवलेली मात्रा मानेवर व्रण पाडू शकते. ‘चेहऱ्याबरोबर मान फुकट’ ही ऑफर मी वाचली आहे. वाचून माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या बाजूचेही दोन शब्द ऐकून घेते, कारण तिकडेही सगळे शहाणे नाहीत. लेझरने कॅन्सर होतो, असं सर्रास सांगितलं जातं. हा किरण अवरक्त आहे, एक्स-रे नव्हे. तो भाजतो, जनुकं मोडत नाही. लेझरने त्वचा कायमची पातळ होते, हेही उलटंच आहे. नीट केलेल्या उपचारानंतर खालचा कोलॅजनचा थर वाढतो. भाजल्याचे आखडलेले व्रण आणि मुरमांचे खड्डे यांवर फ्रॅक्शनल लेझरसारखं दुसरं साधन क्वचितच असेल. आणि ‘या वयात कशाला हे थेर’ म्हणणाऱ्या मंडळींशी तर माझं मुळीच जमत नाही. साठीतल्या बाईने आपल्या पैशांनी आपल्या वरच्या ओठावरच्या रेघा कमी करून घेतल्या तर त्यात समाजाचं काय बिघडलं? केस काळे करणाऱ्या काकांना कोणी अडवत नाही.

पण याच स्वातंत्र्याची ढाल करून विक्रेते म्हणतात की गिऱ्हाईकाला हवं ते द्यावं, डॉक्टरने शिकवणी घेऊ नये. गिऱ्हाईकाला काय हवं हे त्याला काय सांगितलं यावर ठरतं. आणि सांगतो कोण? बहुतेक ठिकाणी डॉक्टर नाहीच. ‘काउन्सिलर’ नावाची, छान बोलणारी, विक्रीच्या उद्दिष्टाखाली दबलेली एक मुलगी. ईएमआयचा फॉर्म संमतिपत्राच्या आधी पुढे येतो. सरकारचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ. अपघात वा जन्मजात व्यंगासाठी केलेली कॉस्मेटिक शस्त्रक्रियाही माफ. निव्वळ रूपासाठी असेल तर कर. विमाही सहसा त्यातून अंग काढून घेतो. म्हणजे बिघडलं तर निस्तरायचा खर्चही तुमचाच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून घेतलेली माहिती हे सौंदर्योपचारांचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे. असं सांगायची वेळ आली यातच काय चाललंय ते कळावं. त्यात भर म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची ‘गोरं करणारी’ मलमं. ती वर्षानुवर्षं चोळून कागदासारख्या झालेल्या त्वचेवर कोणी न विचारता लेझर मारतो तेव्हा काय होतं, ते मला वर्णन करायचं नाही.

विक्रेत्यांचा शेवटचा प्रश्न असतो: मग तुमच्याकडे याहून चांगलं काय आहे? आहे, आणि ते इतकं स्वस्त आहे की कोणी त्याची जाहिरात करत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नँबूर गावात ९०३ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी वयस्कर झाली. ती माणसं बहुतांशी गोरी होती, हे मान्य. पण ऊन आत जाऊन कोलॅजन तोडतं ते रंग कोणताही असो. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात गाजला: अठ्ठावीस वर्षं खिडकीकडे राहिलेली डावी बाजू लोंबून चुरगळलेली, उजवी कितीतरी तरुण. काच सगळं ऊन अडवत नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा आपल्या चालकांनी उजवा गाल तपासावा. गडद त्वचेला तर नुसता दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचं, किंचित रंगीत सनस्क्रीन बरं. पुण्याच्या मुली स्कूटरवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, त्यावर बरेच विनोद झालेत. विनोद करणाऱ्यांचे पन्नाशीतले गाल आणि त्या मुलींचे पन्नाशीतले गाल शेजारी ठेवून बघावेत. सोबत रात्री ट्रेटिनॉइन, सुरकुत्यांवरचा ज्याचा उपयोग १९८०च्या दशकापासून अभ्यासलेला आहे. पहिले काही आठवडे ते चेहरा सोलवटतं, गरोदरपणात चालत नाही, आणि वर्षभर चिकाटी लागते. एका सिटिंगच्या पैशांत ते वर्षभर पुरतं.

हे सहा महिने-वर्ष करूनही ज्यांना लेझर हवाच असतो त्यांना मी नाही म्हणत नाही. आधी कानापुढे किंवा जबड्याखाली नखाएवढ्या जागी मारून बघते आणि दीड-दोन महिने थांबायला सांगते, कारण काळवंडणं लगेच दिसत नाही. ही चाचणी हमी देत नाही. पण ज्यांची त्वचा तिथेच चिडते त्यांचा उरलेला चेहरा वाचतो. या दोन महिन्यांत समोरच्या चौकातल्या क्लिनिकची ‘आजच बुक करा’वाली सूट संपते, आणि माझे काही पेशंट तिकडे जातात. त्यांतले काही नंतर डाग दाखवायला परत येतात. तेव्हा त्यांना बरं करायला मला लेझर नाही, सनस्क्रीनच लिहून द्यावं लागतं.